कितवा महिना?

फेब्रुवारी संपत आला होता. रात्री अकराच्या सुमारास वीटभट्टीवरून एक बाई कळा येतात म्हणून रुग्णालयात आली. सोबत सासू आणि भट्टीवरचा एक टेम्पोवाला. गरोदरपणाचे कार्ड वाडीवरच राहिले होते. ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ या प्रश्नावर बाई गप्प राहिली. उत्तर सासूने दिले, ‘‘लावणी चालू होती तवा.’’

कर्जत-खालापूरकडे भाताची लावणी जूनअखेरीस सुरू होते आणि पाऊस रेंगाळला तर ऑगस्ट उजाडेपर्यंत चालते. त्या रात्रीच्या हिशेबाने बाळ २९ आठवड्यांचेही असू शकत होते आणि ३५ आठवड्यांचेही. पोटावर टेप लावून गर्भाशयाची उंची मोजली, ती ३० आठवड्यांच्या आसपास भरली. तरी प्रश्न सुटला नाही. कारण ३० आठवड्यांचे, वयाला साजेसे वाढलेले बाळ आणि ३५ आठवड्यांचे, पण आईच्या पोटात उपाशी राहिलेले बाळ, ही दोन्ही टेपला सारखीच दिसतात.

डॉक्टरला मात्र दोन्हीकडे वेगळे वागावे लागते. बाळ ३० आठवड्यांचे असेल तर कळा थोपवून धरायच्या, बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यायचे आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात तिला पोटातल्या बाळासह हलवायचे. ते ३५ आठवड्यांचे खुरटलेले बाळ असेल, तर त्याला आणखी पोटात ठेवण्यातच धोका असू शकतो. आम्ही ३० आठवडे धरून चाललो, इंजेक्शन दिले आणि रुग्णवाहिका बोलावली. बाळ दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात जन्मले, दीड किलोचे. तपासणीत ते ३५ आठवड्यांचे असावे असे दिसले. आमचा अंदाज चुकला होता. बाळ वाचले, पण ते आमच्या अंदाजामुळे नव्हे.

सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला अशी रात्र नवी नाही. आज तिची आठवण काढण्याचे कारण म्हणजे ‘कितवा महिना?’ या जुन्या प्रश्नाचे उत्तर देणारे नवे तंत्रज्ञान. ते चांगले आहे. आपल्या वाड्यांना त्याची गरजही आहे. पण ते कसे आणावे, याचा विचार ते येण्याआधी व्हायला हवा.

प्रथम हे पाहू, की एवढ्याशा आकड्याला एवढे महत्त्व का. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सहा देशांतील एक मोठी चाचणी छापून आली. भारतातील तिची दोन केंद्रे होती नागपूर आणि बेळगाव. मुदतीआधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांना गावपातळीवरच स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर लहान बाळांचे मृत्यू कमी होतील का, हा प्रश्न होता. जवळपास एक लाख जन्मांची नोंद झाली. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट, सगळ्या बाळांचा एकत्र विचार केला तर इंजेक्शनाची मोहीम राबवलेल्या भागांत हजार जन्मांमागे सुमारे साडेतीन बाळे जास्त दगावली. बहुतेक ठिकाणी सोनोग्राफी नव्हती. पाळीची तारीख आठवत नसेल तर टेपने पोट मोजूनच काम चालवले होते. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे पुढे तितकी लहान निघालीच नाहीत.

पाच वर्षांनी, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत त्याच औषधाच्या पुन्हा झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या वेळी २,८५२ स्त्रिया होत्या, सगळ्या रुग्णालयांत दाखल झालेल्या, आणि गर्भाचे वय सोनोग्राफीने पडताळलेले. औषध न मिळालेल्या गटात शंभरातील साडेतेवीस नवजात बाळे दगावली, औषध मिळालेल्या गटात १९.६. औषध तेच. फरक पडला तो रुग्णालयातील देखभालीमुळे आणि गर्भाचे वय नीट माहीत असल्यामुळे. वय माहीत नसेल तर चांगले औषधही आंधळेपणाने दिले जाते.

मग सोनोग्राफी करा, असे कोणीही म्हणेल. ती होतेही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर स्त्रीला ती मोफत आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणीही असते. पण सोनोग्राफीचे एक वैशिष्ट्य लोकांना सहसा सांगितले जात नाही. गर्भाचे वय ओळखण्यासाठी ती जितकी लवकर करावी तितकी अचूक असते. पहिल्या तीन महिन्यांत चूक पाच-सात दिवसांची असते. शेवटच्या तीन महिन्यांत ती तीन आठवड्यांवर जाऊ शकते, कारण तोवर प्रत्येक बाळ आपापल्या गतीने वाढू लागलेले असते. म्हणून त्या फेब्रुवारीच्या रात्री उत्तम यंत्र आणि तज्ज्ञ हाताशी असते, तरी ठाम उत्तर मिळाले नसते. ती सोनोग्राफी ऑक्टोबरमध्ये व्हायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हेच सांगते: २४ आठवड्यांपूर्वी एकदा तरी सोनोग्राफी करावी.

ऑक्टोबरमध्ये ती बाई होती कुठे? आपल्या वाडीवर. कर्जत-खालापूरच्या कातकरी कुटुंबांचे वर्ष ठरलेले असते. पावसात लावणी-बेणणी, नंतर कापणी, आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला स्थलांतर, ते थेट पुढच्या पावसापर्यंत. म्हणजे लावणीच्या वेळी दिवस राहिलेली बाई चौथ्या महिन्यात वाडीवरच असते. तिथून तालुक्याच्या गावी यायचे तर डोंगर उतरायचा, सहा आसनी रिक्षाची वाट पाहायची आणि रांगेत दिवस घालवायचा. रोजही बुडतो. पोट दिसू लागलेले नसताना, काही दुखत-खुपत नसताना, हा खटाटोप कोण करील? इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा मदत पथकांना डोंगर पायी चढावा लागला आणि मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. रस्ता नसलेल्या वाडीतील गरोदर बाईला ती चढ-उतार प्रत्येक तपासणीसाठी करावी लागते.

नवे तंत्रज्ञान उपयोगी पडते ते इथे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सोनोग्राफी ही मुळात समुद्रातील विद्या. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपण्याचे तंत्र विकसित केले. पुढे त्यालाच सोनार म्हणू लागले. प्रतिध्वनी किती वेळाने परत आला यावरून वस्तू किती अंतरावर आहे ते कळते. ध्वनी समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो आणि शरीराच्या मऊ भागांत सरासरी १,५४० मीटर, म्हणजे जवळपास तितकाच. म्हणून समुद्रातील युक्ती पोटातही चालते. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. १९५५ मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तिथे धातूतील तडे शोधणारे ध्वनियंत्र होते. घट्ट गाठ आणि पाण्याने भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी त्या यंत्रावर वेगवेगळे दिसले. १९५८ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि आजच्या सोनोग्राफीचा पाया घातला गेला.

यंत्र प्रतिध्वनी टिपते, पण त्याचा अर्थ माणसाने लावायचा असतो. सोनोग्राफीचे चित्र भुरकट आणि ठिपक्याठिपक्यांचे असते. त्यातून बाळाचे डोके, मांडीचे हाड नेमक्या छेदात पकडून मोजायला शिकण्यात महिने जातात. समुद्रात सोनार ऐकणाऱ्यांचीही तीच अडचण होती. १९८८ मध्ये अमेरिकेत गॉर्मन आणि सेनोव्स्की या संशोधकांनी समुद्रतळावरून आलेले २०८ प्रतिध्वनी घेतले, काही धातूच्या नळकांड्याचे, काही त्याच आकाराच्या खडकांचे. संगणकातील एका छोट्या न्यूरल नेटवर्कला त्यांनी यातील काही प्रतिध्वनी उत्तरासह दाखवले आणि उरलेल्यांची उत्तरे विचारली. नियम कोणताच सांगितला नव्हता. चुकत, दुरुस्त होत ते नेटवर्क धातू आणि दगड यांतला फरक शिकले, तेही प्रशिक्षित माणसाच्या कानाच्या तोडीने.

आजची नेटवर्क त्याच कुळातील, पण अवाढव्य. त्यांच्या मदतीने गरोदर स्त्रीची सोनोग्राफी अशी करता येते: मोबाइलला जोडायचा, हातात मावणारा प्रोब घ्यायचा आणि ठरवून दिलेल्या रेषांवरून तो पोटावर खालून वर आणि आडवा फिरवायचा. फिरवणाऱ्याने चित्राकडे पाहायचेही नाही. काही मिनिटांत शेकडो प्रतिमा जमतात आणि नेटवर्क त्यांवरून गर्भाचे वय सांगते. २०२४ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झांबियातील लुसाका आणि अमेरिकेतील चॅपल हिल इथल्या ४०० स्त्रियांवर हे करून पाहिले. प्रोब फिरवणाऱ्यांना सोनोग्राफीचे औपचारिक शिक्षण नव्हते. १४ ते २७ आठवड्यांच्या काळात नेटवर्कची सरासरी चूक ३.२ दिवस होती आणि महागड्या यंत्रावर काम करणाऱ्या तज्ज्ञांची ३ दिवस.

हे वाचून मला प्रथम आठवली अंगणवाडी. महिन्यातून एकदा तिथे परिचारिका लसीकरणाला आणि गरोदर बायांच्या तपासणीला येतेच. आशाताई घराघरांतून बायांना घेऊन येते. लावणीच्या वेळी दिवस राहिलेल्या बाईला १४ आठवडे पूर्ण होतात ते दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे भट्टीवर जाण्यापूर्वी. त्याच दिवशी तिच्या कार्डावर प्रसूतीची तारीख लिहिली आणि तिच्या मोबाइलवरही पाठवली, तर फेब्रुवारीत कोणत्याही रुग्णालयात तिला सणावारांचा आणि शेतकामाचा हिशेब सांगावा लागणार नाही.

इतके सोपे असेल तर अडते कुठे? तीन ठिकाणी.

पहिली अडचण अशी, की नेटवर्क ज्यांच्याकडून शिकले त्यांनाच ते नीट ओळखते. १९८८ च्या त्या सोनारच्या प्रयोगातही हे दिसले होते. शिकवणीत वस्तूच्या सगळ्या कोनांतले प्रतिध्वनी येतील अशी काळजी घेतली, तेव्हा नेटवर्क कमी चुकले. गर्भाचे वय काढण्याची जी सूत्रे आपण वर्षानुवर्षे वापरतो, ती पाश्चात्त्य स्त्रियांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. आयआयटी मद्रास आणि फरिदाबादची टीएचएसटीआय ही संस्था यांनी ‘गर्भिणी-जीए२’ हे सूत्र भारतीय स्त्रियांच्या माहितीवरून तयार केले आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. जुन्या सूत्रांच्या तुलनेत चूक जवळपास तिपटीने कमी होते, असे त्यांना आढळले. ही मोठीच गोष्ट आहे. पण ती माहिती प्रामुख्याने गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातील. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. बुटकी चण, रक्तक्षय, दोन बाळंतपणांतील कमी अंतर, गरोदरपणातही अंगमेहनत आणि अर्धपोटी राहणे यांमुळे इथली बाळे लहान असतात. लहान बाळ पाहून यंत्राने ‘महिने कमी भरलेत’ असे सांगितले, तर खुरटलेले बाळ ‘ठीक’ म्हणून घरी जाईल. टेपने केली तीच चूक यंत्र करील, आणि यंत्राच्या आकड्यावर शंका कोणी घेणार नाही. म्हणून आधी कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांत, पहिल्या तीन महिन्यांतच ज्यांचे दिवस सोनोग्राफीने नक्की झाले आहेत अशा स्त्रियांवर या यंत्राची परीक्षा व्हावी. ज्या प्रतिमेबद्दल खात्री नाही तिथे ‘सांगता येत नाही’ असे उत्तर देण्याची सोय यंत्रात हवीच.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती अडचण असायलाच हवी. गर्भलिंग चाचणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा. त्यानंतरही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. लहान, उचलून नेता येणारी यंत्रे किती सहज दुरुपयोगात येतात, हे आपण भोगले आहे. म्हणूनच २०१२ मध्ये पोर्टेबल यंत्रांवर आणखी बंधने आली. आजच्या चौकटीत परिचारिकेने वाडीवर गरोदर बाईची सोनोग्राफी करणे बसत नाही. ‘गोरगरिबांसाठी कायदा सैल करा’ अशी मागणी उद्या यंत्र विकणारे करतील. तिला बळी पडू नये.

कायदा सैल न करता एक अरुंद, पहाऱ्यातली वाट काढता येईल. या पद्धतीत प्रोब फिरवणाऱ्याला चित्र पाहण्याची गरजच नसते. तेव्हा चित्र दाखवणारच नाही असे यंत्र घ्यावे. पडद्यावर फक्त आठवडे आणि संभाव्य चूक यावी. प्रोब दुसऱ्या कोणत्याही मोबाइलवर चालू नये. प्रत्येक वापराची वेळ, ठिकाण आणि एफ नमुना आपोआप जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे जावा. यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कुलपात राहावे आणि ठरलेल्या दिवशीच बाहेर पडावे. कुलूप तोडणारे तरीही निघतील. म्हणून सुरुवात एक-दोन तालुक्यांपुरती, सरकारी यंत्रणेतच आणि रीतसर परवानगीने व्हावी. या स्त्रियांच्या प्रतिमा कोणाकडे राहतील आणि त्यांवर कोणती कंपनी आपले यंत्र शिकवील, हेही आधीच लिहून ठरावे. अंगठा घेऊन मिळवलेली संमती ही संमती नव्हे.

तिसरी अडचण आपलीच. यंत्र वय सांगेल, पण बाळाच्या हृदयात दोष आहे का, पाठीचा कणा नीट आहे का, हे पाहणारी पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी तज्ज्ञालाच करावी लागेल. ‘वाडीवर झाली की सोनोग्राफी’ असे म्हणून ती टळली, तर फायद्यापेक्षा नुकसान मोठे. आणि बाळ जोखमीचे आहे हे कळल्यावर पुढे काय? रेडिओलॉजिस्टची जागा भरलेली नसेल, स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येत असेल, रात्री रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन मुंबईला गेलेली असेल, तर अचूक तारखेचा उपयोग फक्त नोंदवहीला. नेटवर्कवरचा खर्च ही माणसे न नेमण्याची सबब होऊ नये.

या तीन अडचणी सोडवणे आपल्या हातात आहे. आपल्याकडे घरोघरी पोहोचणाऱ्या आशा आहेत, दर महिन्याला वाडीवर जाणाऱ्या परिचारिका आहेत, कडक कायदा आहे आणि स्वतःचे सूत्र बनवू शकणाऱ्या संस्थाही आहेत. कमी आहे ती या सगळ्यांना एका वाडीवर, एका दिवशी एकत्र आणण्याची. राज्याच्या आरोग्य विभागाने एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला सोबत घेऊन दोन वर्षांचा, नीट आखलेला अभ्यास कर्जत-खालापूरमध्ये करावा आणि निकाल चांगला असो वा वाईट, जाहीर करावा. तोवर जे आज शक्य आहे ते सुरू ठेवावे. पाळी चुकताच नोंदणी, आणि भट्टीवर जाण्यापूर्वी एक सोनोग्राफी. त्यासाठी बाईला न्यायला-आणायला गाडी आणि बुडालेल्या दिवसाचा रोज मिळावा. याला कोणतेही नेटवर्क लागत नाही.

घरात कोणाला दिवस गेले असतील तर वाचकांनीही एवढे करावे. शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि पहिली सोनोग्राफी तिसरा महिना संपण्यापूर्वी करून घ्यावी. तिचा अहवाल शेवटपर्यंत जपून ठेवावा, कारण पुढच्या सोनोग्राफीत वेगळी तारीख आली तरी सहसा पहिलीच खरी मानायची असते.

यंदाही लावणी होईल आणि त्या दिवसांत कोणाला तरी दिवस जातील. पुढच्या फेब्रुवारीत ती बाई रात्री रुग्णालयात आली, तर कितवा महिना हे तिच्या कार्डावर लिहिलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.